गुणिले एक लाख

सपकाळे बाई आमच्या शाळेत रुजू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेडसरांचं तोंड फूटपट्टीने मोजलं.

हेडसरांच्या खोलीत त्यांचा स्वतःचा एक फ्रेम केलेला फोटो होता. कुठल्याशा सत्कारातला, शाल-नारळवाला. बाई मस्टरवर सही करायला गेल्या, फोटोपाशी थबकल्या, पिशवीतून पट्टी काढून त्यातला चेहरा मोजला आणि वळून म्हणाल्या, "सर, जरा हनुवटी वर करता?" हेडसरांना काय सुचलं कोण जाणे. न्हाव्यापुढे बसावं तशी त्यांनी मुकाट्याने हनुवटी वर केली. बाईंनी कपाळापासून खालपर्यंत माप घेतलं, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटल्या आणि फ्रेमच्या खाली भिंतीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: गुणिले एक तृतीयांश.

"हे काय, बाई?"

"तुम्ही मूळ वस्तू, सर. फोटोत तुम्ही एक तृतीयांश आहात. लिहिलेलं बरं. बघणाऱ्याची फसवणूक नको."

हेडसर माझ्याकडे बघायला लागले. मी त्या शाळेत मराठी शिकवायचो. विज्ञानाच्या माणसांचं आपल्याला काही कळत नाही असा चेहरा करून मी खडूची पेटी उचलली आणि तिथून सटकलो.

गोष्ट नव्वद सालाच्या आगेमागेची. धरणगावात तेव्हा हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की आमची निम्मी मुलं शाळेऐवजी त्या गाड्यांवर सापडायची. अशा शाळेत जीवशास्त्र शिकवायला या बाई सोनगीरहून आल्या. उंचीने एवढ्याशा, चालायला भरभर आणि बोलायला त्याहून भरभर. बोलता बोलता एकदम थांबायच्या, समोरच्याकडे रोखून बघायच्या आणि विचारायच्या, "किती पट?"

हा त्यांचा पेटंट प्रश्न. फळ्यावर अमिबा काढलात? किती पट? पुस्तकात फुलाचं चित्र आहे? किती पट? मी वर्गात नदीचं वर्णन शिकवताना दोन्ही हात पसरले, तर खिडकीबाहेरून जाता जाता बाईंचा आवाज आला, "सर, किती पट?" वर्ग आठवडाभर हसत होता.

एकदा मी वैतागून विचारलं, "बाई, काय फरक पडतो हो? चित्र ते चित्र."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, चित्र म्हणजे थाप असते. कांद्याची पेशी डोळ्याला दिसत नाही आणि पुस्तकात ती बोटाएवढी काढलेली आहे. ही थापच की. पण ती किती पट थाप आहे हे खाली लिहिलं, की खरी होते. चित्रातली लांबी भागिले खरी लांबी. बस. एवढं केलं की तुम्ही प्रामाणिक माणूस."

एवढं सांगून झाल्यावर पुढे एक वाक्य ठरलेलं असायचं, "फक्त एकक सांभाळा!" मुलं मिलिमीटर आणि मायक्रोमीटर यांच्यात हमखास घोळ घालायची. एका मिलिमीटरचे हजार मायक्रोमीटर. हे हजार कुठे गुणायचे आणि कुठे भागायचे यात चांगली चांगली पोरं गारद व्हायची. एकाने पॅरामेशियम या जीवाची खरी लांबी काढली. आकडा बरोबर, अडीचशे. पण पुढे मायक्रोमीटरच्या ऐवजी लिहिलं सेंटिमीटर. बाई रागावल्या नाहीत. अख्ख्या वर्गाला घेऊन बाहेर पडल्या आणि शाळेमागच्या गोठ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत एक दणदणीत म्हैस रवंथ करत होती.

"अडीचशे सेंटिमीटर," बाई म्हणाल्या. "हे तुझं पॅरामेशियम. आता याला उचल आणि काचपट्टीवर ठेव."

त्या वर्गातलं एकही पोर पुन्हा एकक चुकलं नाही. म्हशीचं नाव मात्र गावात कायमचं पॅरामेशियम पडलं. मालकसुद्धा तसंच म्हणायला लागला.

शाळेच्या कामासाठी एकदा आम्ही दोघं एस.टी.ने जळगावला गेलो होतो. एका थिएटरवर हिरोचं भलंमोठं पोस्टर रंगवलेलं. मी त्याच्या मिशीकडे बघत होतो. बाई एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिल नाकासमोर धरून उभ्या. मागून सायकलवाले घंट्या वाजवताहेत. शेवटी त्यांनी निकाल दिला, "नाक गुणिले वीस. पण कान गुणिले चौदाच! पेंटर नापास."

त्यांच्या भाड्याच्या खोलीत मी सहकुटुंब एकदाच चहाला गेलो. एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीभर चित्रं. पानाचा छेद, रक्ताच्या पेशी, बेडकाचं हृदय. प्रत्येकाखाली पट लिहिलेली. मधोमध बुद्धाचं एक चित्र होतं. मी मुद्दाम वाकून त्याच्याखाली बघितलं. कोरं.

"इथं लिहायचं राहिलं वाटतं, बाई?"

"राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "मूळ केवढे होते ते मला अजून कळायचंय."

पुढच्या वर्षी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आमच्या शाळेत भरणार असं पत्र आलं. जळगावहून शिक्षणाधिकारी येणार. हेडसरांनी लगेच बैठक घेतली. थर्माकोल आणायचा, त्याची एक सुबक पेशी करायची, रंगवायची, टेबलावर ठेवायची. ठरलं.

"सर," बाई उभ्या राहिल्या. "मला मैदान पाहिजे."

"कशाला?"

"पेशी करायला. एक लाख."

हेडसरांचा चेहरा पांढरा पडला. "एक लाख रुपये?"

"पट, सर! एक लाख पट!" आणि बाई धावतच फळ्याकडे गेल्या. "कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी आपल्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी मोजलीय. खाली पारदर्शक पट्टी ठेवून. दीड मिलिमीटरमध्ये सहा पेशी एका ओळीत बसतात. म्हणजे एक पेशी पाव मिलिमीटर. गुणिले एक लाख. किती? पंचवीस मीटर! रुंदी पाच मीटर! आपल्या मैदानात आरामात बसते!"

ड्रिलचे बोरसे सर ताडकन उठले. उंच, पिळदार, गळ्यात शिट्टी. "मैदानात माझं लेझीम आहे. ते आता साहेबांसमोर होणार. दोन महिने पोरं घासतायत. तिथं कांदा चालणार नाही."

"कांदा नाही हो, कांद्याची एक पेशी."

"पाव मिलिमीटरच्या वस्तूसाठी माझं लेझीम रद्द करू?"

हेडसरांनी दोघांनाही शांत केलं आणि मैदान बोरसे सरांना दिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी बोरसे सरांना प्रयोगशाळेत बोलावलं. मलाही, बहुधा साक्षीदार म्हणून. खिडकीतलं ऊन आरशावर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शक लावला होता. "बघा, आणि डोळा न हलवता जरा वेळ थांबा."

बोरसे सर वाकले. आधी कुरकुरत होते. मग म्हणाले, "अरे! हे... हे फिरतंय की."

"जीवद्रव्य," बाई हळूच म्हणाल्या. "पेशीच्या मधे रसाने भरलेली मोठी पिशवी असते आणि तिच्या कडेकडेने हे सारखं वाहत राहतं. बारीक बारीक कण आहेत ना, रांगेत चाललेले? मला सांगा सर, माझ्या पेशीत हे कोण करणार? थर्माकोल करणार?"

बोरसे सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांच्या डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता. "म्हणजे माझी पोरं," ते सावकाश म्हणाले, "लेझीम खेळत आतून फिरतील?"

"दुसरं कोण फिरणार?"

त्यांच्यानंतर मीही डोळा लावला. काय सांगू! विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या त्या घरांच्या आत काहीतरी चालत होतं. त्याच कांद्याची फोड मी सकाळी भाकरीबरोबर खाऊन आलो होतो.

मग आठ दिवस शाळेत नुसती धमाल. फक्कीने आखलेली रेघ वाऱ्याने उडून जायला लागली, तेव्हा बाईंनी शाळेच्या नव्या खोलीसाठी आणलेल्या विटा मागितल्या. विटेची रुंदी मोजली, दहा सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या पेशीत एक मायक्रोमीटर, म्हणजे पेशीभित्तिकेची जाडी. बाई आनंदाने ओरडल्याच. पोरांनी विटांची रांग मैदानभर मांडली. केंद्रकासाठी पिंजलेला कापूस भरून बैलगाडीच्या चाकाएवढी गोल गादी शिवली. पेशीला ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका किती मोठ्या होतात याचा हिशोब झाला, तर उत्तर आलं भरताच्या वांग्याएवढ्या. मग काय, घरोघरची हिरवीगार वांगी आली. प्रथिनं बनवणारे रायबोसोम म्हणून मोहरी टाकली. लेझमाची तालीमही आतच व्हायची. बाहेर बाई घड्याळ घेऊन उभ्या.

"बोरसे सर! तुमचं जीवद्रव्य पळतंय! सेकंदाला अर्धा मीटर फक्त! सावकाश!"

"सावकाश लेझीम कसं खेळणार, बाई?"

"खरी पेशी खेळते, तर तुम्हाला काय झालं?"

बोरसे सरांनी नवा ताल बसवला. संथ, डुलणारा. खोटं सांगत नाही, ते लेझीम मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी फाटकातून आत शिरतोय तोच सातवीतली एक मुलगी जिवाच्या आकांताने ओरडत आली, "बाई, बाई! बकरी बठ्ठा तंतुकणिका खाई गयी!"

खरंच. पेशीत एक बकरी उभी. तोंडातून वांग्याचा देठ लोंबतोय. तिच्या मागे आणखी दोघी होत्या आणि भोवती फक्त चघळलेली सालं. हेडसर कपाळाला हात लावून विटेवरच बसले. "आता साहेबांना काय दाखवायचं? बकरी?"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "वांगीच पाहिजेत असं नाही. एक वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळतं. काय मिळेल आत्ता?"

"केळी!" बोरसे सर ओरडले. मैदान मागणारे, कांद्याला हसणारे बोरसे सर. पँटला क्लिपा लावल्या आणि सायकलवर टांग टाकून गेलेसुद्धा. परतले ते कॅरिअरला केळीचा अख्खा घड बांधून, घामाने निथळत. बाईंनी एक केळं पट्टीला लावलं. "जाडीला जरा कमी पडतं," त्या म्हणाल्या, "पण लांबी बरोबर. टाका!"

शेवटचं केळं ठेवलं आणि साहेबांची जीप फाटकात वळली.

साहेब उतरले. मैदानाकडे बघून म्हणाले, "हे काय? हेलिकॉप्टर उतरवताय की काय?"

"कांद्याची एक पेशी, साहेब," बाई म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "किती पट?"

"गुणिले एक लाख!" सगळ्या शाळेने एका आवाजात उत्तर दिलं. शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले.

हलगी वाजली. लेझीम घुमू लागलं. विटांच्या आतून, कडेकडेने, पोरं डुलत निघाली. संथ, एकामागे एक, केळ्यांच्या मधून वाट काढत. साहेब बूट घालून विटेवर चढले, मग काय वाटलं कोणास ठाऊक, बूट काढून आत गेले. "हे काय आहे? आणि हे? मोहरी कशाला?" विचारत पार दुसऱ्या टोकापर्यंत गेले. ज्यांना दहा मिनिटांत निघायचं होतं ते अर्धा तास आमच्या पेशीत होते. हेडसर येईल त्याला सांगत होते, "मी म्हटलं, बाई, मैदान घ्या!"

आणि निकाल लागला तेव्हा आमचा नंबर आला नाही.

परीक्षकांचा नाइलाज होता. नियमच तसा. प्रतिकृती टेबलावर मावली पाहिजे आणि जिल्ह्याला नेता आली पाहिजे. पहिला नंबर थर्माकोलच्या ज्वालामुखीला. हेडसर भडकले, बोरसे सर तर परीक्षकांच्या अंगावरच चालले होते, त्यांना मी धरलं. शांत फक्त बाई. "त्यांचंही बरोबर आहे, सर," त्या म्हणाल्या. "टेबलावर कशी मावणार?" आणि पोरांना म्हणाल्या, "तंतुकणिका खाऊन टाका आता."

संध्याकाळी सगळे पांगले. मैदानात विटा आणि गादी तेवढी राहिली होती. मी वर्गाची कुलपं तपासत होतो. तेवढ्यात फाटकातून बाई आत आल्या. सोबत त्यांचं कोपर धरून एक म्हातारा. धोतर, सदरा, टोपी, काळा चष्मा. पाय अंदाज घेत टाकत होता.

"हे माझे वडील, नाना," बाई म्हणाल्या. "सोनगीरला भावाकडे असतात. सकाळीच यायचे होते. वाटेत एस.टी. बिघडली. आत्ता स्टँडवरून घेऊन आले."

मी नमस्कार केला. नानांनी हात जोडले ते माझ्या जरा डाव्या बाजूला.

"भांड्यांच्या भट्टीवर काम करायचे," बाई मला हळू आवाजात म्हणाल्या. "डोळे तिथंच गेले. मी कॉलेजात पहिल्यांदा पेशी बघितली ना सर, तेव्हा सुट्टीत घरी जाऊन यांना रात्रंदिवस तेच सांगत होते. हे म्हणाले, माले दखाड. आता कुठून दाखवणार? भिंगाला लावायला डोळाच नाही. मग किती पट केली म्हणजे पायांना कळेल, याचा हिशोब मी तेव्हापासून करतेय."

एवढी भरभर बोलणारी बाई, हे मात्र थांबत थांबत बोलली.

त्यांनी नानांच्या चपला काढून घेतल्या आणि त्यांचं पाऊल विटेला लावलं. "हाई भिंत शे, नाना. पेशीनी भिंत."

नाना पायाने वीट चाचपत निघाले. एक हात बाईंच्या हातात. पार टोकापर्यंत गेले, वळले, दुसऱ्या बाजूने परत आले. मधे मधे थांबून वाकत, हाताने बघत. "आन् मी आते कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"मझार. तुम्ही पेशीना मझार शेत, पार आत."

मग त्यांना कापसाच्या गादीवर बसवलं. "हाई केंद्रक." नानांनी दोन्ही हातांनी गादीचा घेर चाचपला. बाई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून सांगत सुटल्या. या गादीत काय लिहिलेलं असतं, जीवद्रव्य कसं वाहतं, पोरं लेझीम कशी खेळली, बकरीने काय केलं. नाना ऐकत होते. बकरीपाशी खूप हसले. मग त्यांनी मान तिरकी केली.

"माय," ते म्हणाले, "पेशी एवढी, मंग तो कांदा केवढा व्हई?"

बाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, की आम्ही कोणी हे विचारलंच नव्हतं. हेडसरांनी नाही, साहेबांनी नाही, मी नाही. आम्ही सगळे बाईंना उत्तरं देत होतो, नाहीतर हसत होतो. त्यांच्याबरोबर हिशोबात पुढे जाऊन त्यांनाच उलट प्रश्न विचारणारं माणूस या गावात त्यांना भेटलं नव्हतं.

"थांबा, नाना, थांबा!" बाई गुडघ्यांवर उठल्या, मातीत बोटाने आकडे मांडायला लागल्या. "कांदा सहा सेंटिमीटर... गुणिले लाख... सहा किलोमीटर! नाना, कांदा सहा किलोमीटरना!"

"अरे बाप! आमना सोनगीरना किल्लापेक्षा मोठा?"

"किल्ला तं त्याना एक पापुद्रामा मावी जाई!"

नानांनी टाळी दिली. म्हणजे हात पुढे केला आणि बाईंनी तो बरोबर गाठला. मग दोघंही हसायला लागले. हसता हसता बाईंनी पदराने डोळे पुसले. नानांना ते दिसायचं कारण नव्हतं, तरी त्यांनी हात लांबवून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

"ऊठ," मग ते म्हणाले. "आखो एक फेरी मारू. या खेपे मी एकटा जास. तू फक्त कोठे शे ते सांग."

नाना विटेला पाय लावून एकटेच निघाले. बाई दोन पावलं मागून, हात पुढे केलेला पण न धरता, कुठे आलो ते सांगत होत्या. ऊन कलत आलं होतं. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत माझ्याजवळ आला. "सर, फाटक लावू का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून आत माणसं आहेत."